मोडून दिलेलं औषध

कोल्हापूर
१२ ऑगस्ट २००२

आक्का,

जय भीम. पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील. फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड. तुला वाचायला सोपं जावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे.

समजूत काढायला हे पत्र नाही. तुझ्या दीक्षाच्या लग्नात साक्षीदार म्हणून मी सही केली आणि तू माझ्याशी बोलणं टाकलंस, तो विषय इथं काढणार नाही. कामाचं लिहिते.

माझं पोट तुला माहीत आहेच. टेलिफोन ऑफिसात रात्रपाळ्या केल्या, जेवणाच्या वेळा चुकल्या, म्हणून दुखतं अशी माझी समजूत होती. कांदा-लसूण चटणीला तर मी इतकी वर्षं शिव्या दिल्या. निवृत्तीनंतर वेळेवर जेवायला लागले तरी दुखायचं थांबेना, तेव्हा राजारामपुरीतल्या प्रियदर्शनी मॅडमकडं गेले. वयानं आपल्या दीक्षाएवढ्या असतील, पण पोटाच्या मोठ्या डॉक्टर आहेत. त्यांनी घशातून नळी घालून आत पाहिलं. जठराच्या तोंडाशी जखम आहे. ती तिखटानं झालेली नाही, जंतूनं झालेली आहे. जठरात एवढं आम्ल असतं तरी हा जंतू तिथं मजेत राहतो म्हणे.

मॅडमनी विचारलं, "घरात कोण कोण असतं?"

"मीच."

"आता नाही हो. लहानपणी? हा बहुतेक वेळा लहानपणीच लागतो. घरातल्याच कुणाकडून तरी."

मग मी त्यांना सांगितलं, की आई दुसऱ्यांच्या शेतात भांगलायला जायची आणि मला आक्कानं सांभाळलं. भाकरी स्वतः चावायची, मऊ करायची आणि माझ्या तोंडात घालायची. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तो त्यांच्या पोटातही असणार. त्यांना तपासायला हवं. कुठं असतात?"

मी म्हटलं, आजऱ्याला. आपण बोलत नाही हे सांगितलं नाही.

रिक्षानं घरी येताना माझ्या मनात एक विचित्र गोष्ट आली. या दोन खोल्यांत मी एकटी राहते असं मी सगळ्यांना सांगते. पण तुझ्याकडून आलेलं काहीतरी जिवंत इतकी वर्षं माझ्याबरोबर राहत होतं. जंतू का असेना.

तुलाही जेवल्यावर आग पडते आणि तू सोडा पितेस, हे मला ठाऊक आहे. एकदा तपासून घे. इथं आलीस तर मॅडम पाहतील. माझ्या घरी उतरायचं नसेल तर स्टँडवरून थेट दवाखान्यात जा, मी समोर येणार नाही.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. खरं तर चालणार नाही, पण ते असू दे.

तुझी
मीना


कोल्हापूर
२ सप्टेंबर २००२

आक्का,

तुझं पत्र आलं नाही. तुझी बातमी मात्र आली. आजरा गाडीवर तुझ्या गल्लीतल्या जोतीरामचा कृष्णात कंडक्टर आहे, त्याला मी स्टँडवर गाठलं. त्याच्यावर चिडू नकोस. तो तुझ्याबद्दल मायेनंच बोलत होता.

"मावशी, आक्काचं काय खरं न्हाय बघा. जेवली की ओकती. परवा कारखान्यात काजू सोलता सोलता पोट धरून खालीच बसली."

"मग दवाखान्यात न्यायचं नाही का तिला?"

"मी नेतो तिला? दवाखान्याचं नाव काढलं तर म्हणाली, मीनीनं शिकवून पाठवलंय का तुला? मी माझं बघतो, तू तुझी तिकिटं फाड जा."

मी पाठवलेली साडी तू मागच्या दिवाळीला त्याच गाडीनं परत पाठवलीस. घडीसुद्धा मोडली नव्हती. तुझ्यासाठी नवीन औषध विकत घेऊन पाठवलं तर तेही तसंच परत येईल, हे मला माहीत आहे.

म्हणून हा डबा पाठवते आहे. यातल्या गोळ्या माझ्या आहेत. मॅडमनी मला जे औषध दिलं त्यातल्या अर्ध्या गोळ्या मी घेतल्या, उरलेल्या अर्ध्या पट्टीसकट कात्रीनं कापून तुला दिल्या. आपल्या घरात आईचा नियम होता. शेंगदाण्याचा लाडू असो की सणाची पुरणपोळी, हातात आलेलं मोडायचं आणि दुसऱ्याला द्यायचं. आणि मोडून दिलेलं कुणी परत करायचं नाही. भांडण चालू असलं तरी नाही. तू कितीदा माझ्यावर फुगून तोंड फिरवून बसायचीस, पण मोडलेला लाडू घ्यायचीस.

मला आत्ताच पुष्कळ बरं वाटतंय. आग थांबली, झोप लागते. म्हणजे माझ्यापुरतं भागलं. मॅडमना विचारलं नाही. त्या नको म्हणाल्या असत्या. त्यांना आपलं घर माहीत नाही.

सकाळी आणि रात्री जेवणानंतर प्रत्येक रंगाची एकेक घे. पांढरी मोठी आहे, पाणी जास्त लागेल.

मीना


कोल्हापूर
२३ सप्टेंबर २००२

आक्का,

डबा आला. रिकामा आला नाही.

कृष्णातनं तो स्टँडवर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आक्कानं निरोप दिलाय."

"काय?"

"लई कडू हाय म्हणावं."

"आणि?"

"आणि काय न्हाय. तेवढंच. पण मावशी, आता जेवती बरं का ती. काल मला म्हणाली, कृष्ण्या, वाळलास रं. तिचं पोट दुखत असतं तर माझं वाळल्यालं दिसलं असतं व्हय?"

मी भर स्टँडवर हसले. पावसात उभी असलेली माणसं बघायला लागली. घरी येऊन डबा उघडला, तर डबाभर काजूचा तुकडा-माल, भाजलेला, वर मीठ. तुमच्या कारखान्यात कामाच्या बायांना मिळतो तोच असणार. तू तो खाल्ला नाहीस, ठेवलास. मी रोज संध्याकाळी चहाबरोबर थोडा खाते. संपवायची घाई नाही.

माझं पोट शांत आहे. चटणीशी पुन्हा मैत्री केली. ऑपरेटर होते तेव्हा दिवसभर अख्ख्या जिल्ह्याचे आवाज कानात असायचे. आजऱ्याचा कॉल लागला की मी उगाच क्षणभर जास्त ऐकत राहायचे, ओळखीचं कुणी बोलतंय का म्हणून. आता घरात फोन आहे आणि तो वाजत नाही. रविवारी दीक्षा नाशिकहून करते, तेवढाच. तिला मी सांगितलं की आक्कानं औषध घेतलं. ती म्हणाली, "मावशी, परत सांग."

बघ, विषय काढणार नाही म्हटलं होतं आणि काढला. रागावू नकोस. डबा मी पुन्हा पाठवीन, पण आता त्यात औषध नसेल. आजारी पडल्याशिवाय काय पाठवायचं, ते मला सुचत नाही.

मीना


कोल्हापूर
९ जानेवारी २००३

आक्का,

संक्रांतीचे तिळगूळ कृष्णातबरोबर पाठवते आहे. गुळाची पोळी केली नाही, एकटीसाठी होत नाही.

माझी तब्येत ठीक आहे. मध्ये थोडं दुखलं, थंडीनं असेल. मॅडमकडं जाऊन आले. त्यांनी पुन्हा नळी घातली आणि आतला कणभर तुकडा मुंबईला तपासायला पाठवला. उगीच काळजी घेतात. तरुण आहेत.

तुझं कसं आहे? गोळ्या सगळ्या संपवल्या होत्यास ना? त्यानंतर दुखलं का? शौचाला काळं होत असेल तर मला कळव. मी सहज विचारते आहे. कृष्णातकडून निरोप नको, तूच दोन ओळी लिही. अक्षर वाईट असलं तरी मला लागतं.

मीना


कोल्हापूर
२८ जानेवारी २००३

आक्का,

कृष्णात आज ड्यूटी संपल्यावर थेट घरी आला. दारातच म्हणाला, "मावशी, घाबरू नका," आणि मी पायात चपला सरकवल्या. तू कारखान्यात चक्कर येऊन पडलीस, गडहिंग्लजला दवाखान्यात ठेवलं, रक्ताची बाटली लावली. पोटातली जखम वाहत होती. आता घरी सोडलंय हे त्यानं शेवटी सांगितलं. आधी सांगायला हवं होतं.

आता खरं लिहिते. मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं.

माझं दुखणं दिवाळीनंतरच परत आलं. मॅडमनी विचारलं, "औषध पूर्ण घेतलं होतं ना?" मी हो म्हटलं. त्यांना नवल वाटलं. म्हणून तर त्यांनी तुकडा मुंबईला पाठवला. गेल्या आठवड्यात त्याचा रिपोर्ट आला. दिलेल्या औषधांपैकी दोन औषधं माझ्या जंतूवर आता चालत नाहीत. मॅडम माझ्यासमोर कागदावर लिहायला लागल्या, की पेशंटनं पूर्ण औषध घेऊनही गुण नाही. लिहिता लिहिता स्वतःशीच म्हणाल्या, "मग बाकीच्यांना तरी मी हे कशाच्या भरवशावर देऊ?" तेव्हा मला राहवलं नाही. मी सांगितलं, की अर्धं मी घेतलं आणि अर्धं बहिणीला पाठवलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. वाटलं, आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "मीनाबाई, तुम्ही कोल्हापूरच्या ना? मग असं समजा, तुम्ही जंतूला तालमीत घातलंत. पुरतं औषध दिलं तर तो मरतो. अर्धं दिलं तर अशक्त होते ते मरतात, दांडगे उरतात. आणि पुढची पोरं सगळी त्या दांडग्यांचीच."

"पण आग तर थांबली होती."

"आग थांबवणारी गोळी वेगळी, जंतू मारणारी वेगळी. आग थांबली, जंतू बसला दम खात."

आणि मग त्यांनी विचारलं, "बहिणीचं काय?" तेव्हा मला माहीत नव्हतं. आज सांगता आलं असतं.

आक्का, तुझी कळ माझ्या अर्ध्या औषधानं दबली. कळ नाही म्हणून तू कुणाला दाखवलं नाहीस. आत जखम तशीच राहिली आणि एक दिवस फुटली. माझ्याकडून तू एकच गोष्ट घेतलीस, परत केली नाहीस, आणि ती ही. मी कृष्णातला शेजारच्यांना फुशारकीनं सांगू दिलं होतं, की आमच्या आक्कानं माझं औषध घेतलं.

हे वाचून तू पुन्हा बोलणं टाकलंस तर माझं काही म्हणणं नाही. पण आधी ये. मॅडम म्हणाल्या, आता दुसरी औषधं आहेत, चार प्रकारची, जास्त त्रास देणारी. दोघींनी आपापली पूर्ण घ्यायची. एकीचं पाकीट दुसरीला नाही. तुझं पाकीट मी विकत आणून ठेवलं आहे, सील न फोडता. साडीसारखं ते परत करू नकोस. इथं येऊन माझ्या तोंडावर मार आणि मग घे.

मीना


कोल्हापूर
२१ फेब्रुवारी २००३

आक्का,

तू आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली आहेस आणि मी स्वयंपाकघरात बसून तुला पत्र लिहिते आहे. वेडेपणा आहे. पण तू आल्यापासून आपण औषधाशिवाय कशावरच बोललो नाही, आणि मला बाकीचं कुठं ठेवावं कळत नाही.

तू आलीस त्या दिवशी कृष्णातच्या हातात तुझी पिशवी होती. उंबऱ्यात उभी राहून पहिला शब्द काढलास, "औषध दाखव." मी दोन्ही पाकिटं दाखवली. उलटीसुलटी करून पाहिलीस. "फोडलं न्हाईस न्हवं?"

"नाही आक्का."

"बघ हां. लई वाटून खायची हौस तुला."

कृष्णात फिस्सकन हसला. तू त्याच्याकडं बघितलंस तसा तो जिना उतरून पळाला.

मॅडमकडंही तू त्यांना सोडलं नाहीस. त्या म्हणाल्या, मळमळेल, तोंड कडू होईल, तरी एकही गोळी चुकवायची नाही. तू म्हणालीस, "बाळ, मी काजूच्या तेलानं हाताची सालटी काढलेली बाई हाय. तुझ्या गोळीला भितो व्हय?" आता मात्र रोज दुपारी पोट धरून मला शिव्या देतेस. देत जा. घरात आवाज असतो.

औषधानं जीभ काळी पडते हे त्यांनी सांगितलं होतं, तरी काल आरशात मी दचकले. तू मागून म्हणालीस, "दुसऱ्याच्या रानात जांभळं चोरल्यागत दिसतीस." मी म्हटलं, "तूही दाखव." तू दाखवलीस. दोन म्हाताऱ्या आरशासमोर जिभा काढून उभ्या. मला वाटलं, आता तू आणखी काही बोलशील. तू जाऊन भांडी घासलीस.

जेवायला मी पहिल्या दिवशी दोन ताटं घेतली होती. त्यातलं एक तू उचलून फळीवर ठेवलंस. "एक पुरं." तेव्हापासून आपण एकातच जेवतो, तुझी भाकरी तुझ्या बाजूला, माझी माझ्या. माझ्या बाजूची भाजी संपली की तू न बोलता इकडं सरकवतेस. त्या वेळेपुरतं माझं पोट दुखत नाही असं वाटतं.

रविवारी दीक्षाचा फोन वाजला तेव्हा तू उठून गच्चीत गेलीस. मी तिला म्हटलं, आई वर आहे, कपडे वाळत घालते आहे. वर एकही कपडा नव्हता. गच्चीतून खाली आलीस तेव्हा फक्त विचारलंस, "पोरीचा आवाज बरा हाय न्हवं?" मी बरा आहे म्हटलं. सर्दी झाली होती तिला, ते सांगितलं नाही.

औषध संपत आलं. ते संपलं की तू जाणार. मला बरं व्हायचं आहे, आणि हे संपायलाही नको आहे. दोन्ही एकदम कसं मागायचं?

हे पत्र तुला देणार नाही. उशीखाली ठेवते.

मीना


कोल्हापूर
२४ एप्रिल २००३

आक्का,

तू एका दिवसासाठी येऊन तपासणी करून गेलीस, त्याचे रिपोर्ट आज मिळाले. वरच्या कोपऱ्यात खोडलेली ओळ दिसते, ती मीच खोडली. "दोघींचेही साफ आहेत" असं लिहिलं होतं. एकदा तुला ठीक आहे असं खोटं लिहिलं आणि तू कारखान्यात पडलीस. पुन्हा लिहिणार नाही.

तुझा साफ आहे. जखम भरली आहे, जंतू नाही. माझा तसा नाही. माझ्यात तो आहे.

मी मॅडमना विचारलं, की दोघींनी सारखंच औषध घेतलं, एकही गोळी चुकवली नाही, मग असं का? त्या म्हणाल्या, "तुमच्या बहिणीनं आयुष्यात किती गोळ्या खाल्ल्या?" मी म्हटलं, तिनं सोडा सोडून काही घेतलं नाही. "आणि तुम्ही?" आमच्या ऑफिसात टेबलाच्या खणात जुलाबावरच्या गोळ्या कायम असायच्या. पोट जरा बिघडलं की कुणीही एक घ्यायचं, दुसरी शेजारणीला द्यायचं, बरं वाटलं की बंद. मॅडम म्हणाल्या, तुमचा जंतू शिकलेला आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, शिकलेल्या बहिणीचा जंतूपण शिकलेला. मी एकटीच हसले.

आता काही महिने नुसती आग थांबवणारी गोळी, मग वेगळं औषध. लागू पडेल का, त्यांनाही खात्री नाही. त्यांनी खोटा धीर दिला नाही हे मला आवडलं.

निघताना मी विचारलं, आक्का बरी झाली, आता तिला माझ्यापासून पुन्हा लागेल का? त्या म्हणाल्या, मोठ्या वयात सहसा नाही लागत. पण तुमच्यातला जंतू औषधाला दाद देत नाही, तो त्यांना लागला तर त्यांचंही अवघड होईल. तुमचं निस्तरेपर्यंत एका ताटात जेवू नका.

तेव्हापासून हे पत्र लिहिते आहे आणि हात अडतो आहे.

दीक्षाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तू मला काय म्हणालीस, ते मी विसरलेले नाही. "पाटलाच्या घरात देतीस माझ्या लेकीला. तिचं ताट येगळं मांडतील, आणि ते मांडताना तुझी सही त्यांच्या खिशात असंल." मी त्या वेळी तुला म्हटलं, काळ बदलला. तू म्हणालीस, "तू बघितलं न्हाईस. मी बघितलंय." तू बघितलं होतंस. आई ज्यांच्याकडं कामाला जायची त्यांच्या वळचणीला तिचं ताट खोचलेलं असायचं. ते काढून धुऊन परत खोचायचं काम तुझं होतं. मी तेव्हा रांगत होते. माझ्या वाट्याला ते आलं नाही, कारण तू मला कडेवर घेऊन बाहेर उभी राहायचीस. दीक्षाच्या घरी काय होतं ते मी सांगणार नाही. ते तू तिला विचार.

तुझ्या लेखी वेगळं ताट म्हणजे काय, हे कळूनच लिहिते. तू मे महिन्यात कारखाना बंद असताना येते म्हणालीस. ये. पण मी ताटं दोन घेणार आहे. तू एक उचलून फळीवर ठेवलंस तर मी ते परत खाली काढीन. तू शिव्या दिल्यास तरी काढीन. शेजारी शेजारी मांडीन, काठाला काठ लावून, आणि तुझं आधी वाढीन.

राग येईल तुला. राग घेऊन ये, पण माझ्यासमोर बसून जेव.

मीना